सही करणारे आणि सळई बांधणारे

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावी कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. त्याआधी अकरा महिने, 24 ऑगस्ट 2020 रोजी, महाड शहरात काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जणांचा जीव गेला होता. दोन्ही दुर्घटना एका तराजूत तोलणे बरोबर नाही. कोंढाळकरवाडीवर डोंगर आला त्यात घर बांधणाऱ्या मिस्त्रीचा दोष नव्हता; तारिक गार्डन मात्र माणसाने बांधली होती आणि दहा वर्षेही पुरी व्हायच्या आत पडली. पण दोन्हींनंतर उरणारा प्रश्न एकच होता. पुन्हा घर उभे करायचे तर ते बांधणार कोण, आणि त्याला ते काम येते हे कुणी आणि कशावरून ठरवले? बांधकामाच्या परवान्यांचा विचार आपल्याकडे जागेपासून सुरू होतो आणि नकाशापाशी थांबतो. काम अंगावर घेणाऱ्या माणसाच्या पात्रतेचा प्रश्न त्यात जवळपास येतच नाही. महाड-पोलादपूरच्या निमित्ताने या प्रश्नाचा आढावा घ्यावा आणि एक मत मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे. मत असे की बांधकामातल्या प्रत्येक कारागिराला परवान्याची अट घालू नये. पण ज्या कामातली चूक झाकली जाते आणि जीव गेल्यावरच उघडी पडते, ते काम अंगावर घेणाऱ्याची परीक्षा आणि नोंद सरकारने केलीच पाहिजे.

आज अशी अट नीटपणे मुख्यतः एका धंद्याला आहे, आणि तो म्हणजे विजेचा. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम 45 सांगत होता की वायरिंगचे काम राज्य सरकारने परवाना दिलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचे, त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे त्यातून वगळली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि नंतर 2023 च्या सुरक्षा नियमांनी हीच रचना पुढे चालवली. महाराष्ट्रात विद्युत निरीक्षकांची यंत्रणा आणि अनुज्ञापक मंडळ हे काम पाहते. ठेकेदाराचा परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि तारतंत्रीचा परवाना अशा तीन पायऱ्या आहेत. महावितरणची नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो, त्यामुळे पोलादपूरच्या शेवटच्या वाडीतल्या घरालाही या व्यवस्थेतून जावे लागते. या रचनेतला विचार पाहण्यासारखा आहे. ज्या कामात धोका थोडा आणि चूक लगेच दिसणारी, ते मोकळे ठेवले. ज्या कामातली चूक गिलाव्याआड जाते आणि कुणी न्हाणीत ओल्या हाताने नळ धरीपर्यंत कळत नाही, तिथे परवाना आणला. सत्तर वर्षांपूर्वी विजेबाबत जे सुचले ते सिमेंट-लोखंडाबाबत आपण अजून केलेले नाही.

बाकीचे परवाने तपासले की प्रत्येकाचा रोख वेगळीकडे असल्याचे दिसते. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी होते. तिथे आर्थिक ऐपत, पूर्वी केलेली कामे, यंत्रसामग्री आणि तांत्रिक माणसे पाहतात. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी कामांचा वाटाही राखलेला आहे. पण ही नोंदणी सरकारी काम घेण्यापुरती. तोच ठेकेदार, किंवा तिथे नोंद नसलेला दुसरा कुणीही, खासगी घराचा स्लॅब उद्या टाकू शकतो. कंत्राटी कामगार ठेवण्याचा परवाना मजुरांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या कसबावर नाही. 1996 च्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेची नोंदणी आणि एक टक्का उपकर आणला, तो मजुराच्या कल्याणासाठी. स्वतःला राहण्यासाठी बांधलेले दहा लाखांच्या आतले घर त्या कायद्यातून सुटत असे. 1972 च्या कायद्याने वास्तुविशारद ही उपाधी राखून ठेवली आहे. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता व जबाबदाऱ्या लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष काम घेणाऱ्या ठेकेदारासाठी तसा वर्ग नाही. स्थावर संपदा नियमनाच्या, म्हणजे रेराच्या, कायद्याने संरचनेतल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे प्रवर्तकावर टाकली, आणि ते मोठे काम झाले. पण तो कायदा विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहे, आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना त्याची नोंदणी लागत नाही. राज्यातल्या रेरा प्राधिकरणाने, महारेराने, 2023 पासून घरविक्रीच्या दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. म्हणजे महाराष्ट्रात फ्लॅट विकून देणाऱ्याला आज परीक्षा द्यावी लागते. त्या फ्लॅटचा कॉलम भरणाऱ्याला लागत नाही. दलालाची परीक्षा योग्यच आहे. पण आपण फसवणुकीची जेवढी काळजी घेतली, तेवढी कोसळण्याची घेतली नाही.

आता महाड-पोलादपूरच्या वाडीत घर कसे बांधले जाते ते पाहावे. या भागात घरटी एखादा तरी माणूस मुंबई, सुरत किंवा बडोद्याकडे असतो. घराचा पैसा तिकडून येतो आणि घर उभे राहते इकडे. मालक चार दिवसांच्या रजेवर येतो, मिस्त्रीशी फुटाच्या दराने बोली करतो, लेबर रेटवर किंवा मटेरियलसकट, आणि उचल देऊन परत जातो. गावठाणातल्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे ग्रामपंचायतीकडे आहे, आणि 2021 मध्ये शासनाने ग्रामीण भागातल्या 3200 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची वाट आणखी सोपी केली. त्यात परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर भर आहे. खेडेगावातल्या माणसाची तालुक्याच्या कचेरीतली पायपीट यामुळे कमी झाली, हे चांगलेच झाले. पण त्या कागदावर सही करणारा महाडला किंवा माणगावला बसतो आणि सळई बांधणारा जागेवर असतो. दोघांची गाठ पडेलच असे नाही. पूर्वी हे खपून जात होते, कारण घर दगड-मातीचे, लाकडी वाशांचे आणि कौलांचे होते. त्या घरातला वासा वाकला तर दिसायचा, कौल सरकले तर गळायचे, आणि बांधणारा त्याच पंचक्रोशीतला असल्याने त्याचे नाव जायचे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत घर आरसीसीचे झाले, बांधणाऱ्या टोळ्या परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून येऊ लागल्या, आणि चूक डोळ्याआड गेली.

ती चूक कुठे असते हे जवळून पाहिले तर परवान्याचा प्रश्न हवेत राहत नाही. कॉलमच्या उभ्या सळ्यांना बाहेरून आडव्या रिंगा घालतात. भूकंपाचा विचार करणारे मानक सांगते की रिंगेची टोके 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायची. कामावर बहुतेकदा ती 90 अंशांत वळवतात, कारण वळवायला सोपे जाते आणि सळई कमी लागते. एरवी दोन्ही कॉलम सारखेच उभे राहतात. जमीन हलली किंवा भार वाढला की सळ्यांवरचे काँक्रीटचे कव्हर उडते, 90 अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. दुसरी गोष्ट पाण्याची. स्लॅब टाकताना माल घट्ट झाला की पसरायला जड जातो, म्हणून मिक्सरमध्ये नळी सोडून अंदाजाने पाणी वाढवतात. माल पसरतो छान, पण प्रत्येक जादा बादलीबरोबर काँक्रीटची ताकद उतरते. तिसरी कव्हरची. सळईखाली कव्हर ब्लॉक न ठेवता खडीचे तुकडे सरकवतात, टाकणाऱ्यांच्या पायाखाली जाळी खाली बसते, आणि कोकणच्या पावसात त्या सळईला काही वर्षांत गंज चढतो. यातली एकही गोष्ट सिमेंट पडल्यावर डोळ्यांनी तपासता येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे हप्ते जागेच्या नोंदीसह काढलेल्या फोटोंवर सुटतात. जोते झाले, छत पडले, हे फोटोत दिसते. रिंग कुठे वळली ते दिसत नाही. ज्याला रिंग का वळवायची ते माहीत आहे असा माणूस कामावर असणे, हीच तिथली तपासणी असते.

तारिक गार्डन पडल्यावर गुन्हा दाखल झाला तो विकासक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर. कुणाचा दोष किती हे ठरवण्याची जागा न्यायालय आहे. इथे पाहायचे ते एवढेच की आपली व्यवस्था कुणाकुणाला नावानिशी ओळखते. ज्यांच्या सह्या कागदावर असतात त्यांना ती शोधू शकते. लोखंड कुणी बांधले, माल कुणी कालवला, सेंट्रिंग कितव्या दिवशी कुणाच्या सांगण्यावरून काढले, याची नोंद कोणत्याही कचेरीत ठेवायची पद्धत नाही. त्यामुळे दुर्घटनेनंतर शिक्षा झाली तरी शिकवण होत नाही. तीच टोळी पुढच्या तालुक्यात पुढचे काम घेते, आणि पुढच्या मालकाला ते कळायचे साधन नसते.

परवान्याचे जगभरातले अनुभव दोन्ही बाजूंनी बोलतात. कॅलिफोर्नियात 1929 पासून राज्याचे ठेकेदार परवाना मंडळ आहे. विजेचा, नळाचा, छपराचा असे स्वतंत्र वर्ग, चार वर्षांचा कसबाचा अनुभव, परीक्षा, आणि 25 हजार डॉलरचा हमीरोखा अशी अट आहे. परवाना नसलेल्याने मर्यादेबाहेरचे काम घेतले तर त्याला मजुरीसाठी न्यायालयातही जाता येत नाही. ठेकेदारावर सर्वांत मोठा वचक याच तरतुदीचा आहे, कारण ती निरीक्षकाची वाट पाहत नाही. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत 1950 च्या दशकात वीस कामगारांमागे एकाच्या आसपास लोकांना परवाना लागत असे. आता हे प्रमाण साधारण चारांमागे एक झाले आहे, आणि त्यातले पुष्कळ परवाने ग्राहकाच्या सुरक्षेपेक्षा आधीच धंद्यात असलेल्यांच्या कमाईचे रक्षण करतात, असे तिथले अर्थशास्त्रज्ञ पुराव्यानिशी सांगतात. जर्मनीचा अनुभव मला सगळ्यांत बोलका वाटतो. तिथे कसबाचा स्वतंत्र धंदा सुरू करायला उस्तादाची परीक्षा लागत असे. 2004 मध्ये 53 धंद्यांवरची ही सक्ती उठवली, आणि सक्ती मुख्यतः धोक्याच्या धंद्यांपुरती ठेवली. गवंडी, छपरे घालणारे, वीजकाम करणारे तिच्यात राहिले. फरशी बसवणारे मोकळे झाले. पुढे फरशीच्या धंद्यात एकट्याने काम करणाऱ्यांची गर्दी झाली, उमेदवारी घेऊन शिकवणारे कमी झाले, आणि 2020 मध्ये फरशीसह बारा धंद्यांना परीक्षा पुन्हा लागू झाली. म्हणजे रेघ कुठे मारायची याबद्दल तिथेही दोनदा विचार करावा लागला. पण कॉलम आणि छप्पर रेघेच्या आत असावे याबद्दल दोन्ही वेळा दुमत झाले नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे. परवाना आला की खिडकी येते, खिडकी आली की दलाल येतो, आणि मिस्त्रीच्या दिवसाच्या मजुरीतला वाटा तिथे जातो. विजेच्या परवान्याचा दाखला देऊन कुणी म्हणेल की तिथेही जागेवर न जाता चाचणी अहवालावर सही देणारे भेटतात. हा आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्याने परवान्याची वकिली करू नये. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासला पाहिजे. भाड्याने सही देणारा ठेकेदारही नावानिशी नोंदलेला असतो. त्याच्या सहीखालचे घर जळाले तर परवाना कुणाचा रद्द करायचा हे माहीत असते. स्लॅब पडला तर तेवढेही माहीत नसते. सही विकली जाऊ नये याचा उपाय नोंदवही सर्वांना पाहता येण्यात आहे. कुणी एका महिन्यात किती ठिकाणी सह्या केल्या हे गावातल्या माणसाला मोबाइलवर दिसले, तर अशक्य आकडे लपत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बांधकामातला कारागीर गरीब आहे, पुष्कळदा स्थलांतरित आहे, त्याचे शिक्षण थोडे आहे. बापाच्या हाताखाली ओळंबा धरायला शिकलेल्या माणसाला लेखी परीक्षेत नापास करून आपण त्याच्या पोटावर पाय देणार का? देता कामा नये. म्हणूनच परवाना मजुराला किंवा प्रत्येक गवंड्याला नको, तो बोली करणाऱ्याला हवा: जो मालकाकडून पैसे घेतो आणि टोळी लावतो, त्याला. चिरा लावणारा, गिलावा करणारा, रंग देणारा, फरशी बसवणारा यांना कसलीही अट नको. त्यांची चूक मालकाच्या डोळ्यांपुढे असते. आणि ज्याची परीक्षा घ्यायची तीही हातांची घ्यावी. आवास योजनेत ग्रामीण राजमिस्त्रीचे 45 दिवसांचे प्रशिक्षण आहे. त्यात खरे घर बांधत शिकवतात आणि शेवटी काम पाहून प्रमाणपत्र देतात. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर मराठवाड्यात, आणि 2001 नंतर कच्छमध्ये, पुनर्बांधणीच्या ओघात गावोगावच्या गवंड्यांना भूकंपात टिकणाऱ्या बांधणीचे शिक्षण दिले गेले. हातांनी शिकणाऱ्याला हातांनी शिकवता येते आणि हातांनीच तपासता येते, हे त्या कामांत दिसले. उणीव एवढीच की असे प्रमाणपत्र कुणी मागत नाही. ज्याने 45 दिवस घालवले आणि ज्याने घालवले नाहीत, त्या दोघांना बोलीच्या वेळी दर सारखाच मिळतो. मागणी नसलेले शिक्षण विरून जाते. परवान्याची अट ही त्या शिक्षणाला किंमत आणण्याची रीत आहे, आणि तिचा पहिला फायदा चांगल्या मिस्त्रीलाच होईल.

तिसरा आक्षेप खर्चाचा. घर महागेल. आवास योजनेत सपाट भागातल्या घराला केंद्राने ठरवलेले मूळ साहाय्य 1 लाख 20 हजारांचे आहे. त्यात परवानाधारक ठेकेदाराचा चढा दर कुठून बसणार? दर थोडा चढेल, हे मान्य करावे लागेल. पण वर सांगितलेल्या चुका दुरुस्त करायला लागणारे साहित्य फारसे नाही. रिंगेचे टोक आणखी थोडे लांब, कव्हर ब्लॉक, मापाने घातलेले पाणी. कमतरता ज्ञानाची आणि जबाबदारीची आहे, आणि परवान्याचे शुल्क नाममात्र ठेवून प्रशिक्षणाचा खर्च सरकारने उचलला तर तो भार मालकावर जाणार नाही. उपकरातून जमा होणारा बांधकाम कामगार मंडळाचा निधी कामगारांचाच आहे. त्यांच्या कसबावर तो खर्चणे त्या हेतूच्या बाहेरचे नाही.

पत्र्याच्या छपराबद्दल थोडक्यात. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि रायगडभर पत्रे उडाले. छप्पर भिंतीला कसे जखडायचे, हुक किती अंतरावर घ्यायचे, हे फॅब्रिकेशनवाल्याच्या सवयीवर सोडलेले होते आणि आजही आहे. छप्पर जखडणे हे काम रेघेच्या आत यायला हवे.

पण तळीयेच्या परिसरात सर्वांत निकडीचा धंदा आणखी वेगळा आहे, आणि बांधकामाच्या परवान्यांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. तो म्हणजे जेसीबीने डोंगर कापणाऱ्याचा. उतारावर घराला, रस्त्याला, पार्किंगला जागा करायची तर वरची बाजू कापतात आणि निघालेली माती खालच्या बाजूला ढकलतात. कापलेली कड उभी राहते, पाण्याचा जुना ओघळ बुजतो, आणि पावसात ते पाणी मातीत मुरते. कोंढाळकरवाडीवरची दरड अशा कापामुळे आली असे मी म्हणत नाही. त्या दोन-तीन दिवसांच्या पावसाने सह्याद्रीचा सगळा उतारच सैल केला होता. जुलै 2005 मध्ये याच भागात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथेही तेच घडले. पण ज्या तालुक्यांचे डोंगर असे बोलतात, तिथे कड किती उभी ठेवायची आणि पाण्याला वाट कुठे द्यायची हे ठरवणारा माणूस कुठलीही पात्रता न दाखवता ताशी भाड्याने मिळतो. माती-मुरूम उचलायला तहसील कचेरीची परवानगी लागते, ती स्वामित्वधनासाठी. किती ब्रास उचलली हे विचारतात. उतार कसा सोडला हे विचारत नाहीत. त्याच परवानगीच्या अर्जावर कापणाऱ्याचे नाव, त्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि संरक्षक भिंत व पाण्याच्या निचऱ्याची जबाबदारी लिहून घेता येईल. त्याला नवे खाते नको, नवी खिडकीही नको.

तळीयेच्या पुनर्वसनाची जबाबदारी म्हाडाने घेतली. गावकऱ्यांनी मधला काळ कंटेनरच्या घरांत काढला आणि पक्क्या घरांचा ताबा मिळायला वर्षे लागली. ही घरे प्रीफॅब पद्धतीची आहेत, त्यांच्यामागे अभियंते आणि निविदा आहेत. पण कुटुंबे वाढतील तेव्हा त्यांना पडवी, न्हाणी, गोठा जोडावा लागेल, कुणी वर मजला घेऊ म्हणेल, आणि त्या वेळी म्हाडा तिथे नसेल. गावचा मिस्त्री असेल. तयार सांगाड्याला नवे काम कुठे जोडायचे आणि कुठे हात लावायचा नाही हे त्याला सांगणारे कुणी नसेल, तर घराचा दोष तिथून सुरू होईल. म्हणून सुरुवात राज्यभराच्या कायद्याची वाट न पाहता महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून व्हावी. महाडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत स्लॅब-कॉलम, छप्पर जखडणे आणि उतार कापणे या तीन कामांची हाताने घ्यायची परीक्षा; जुन्या मिस्त्रींना शिकायला दोन पावसाळ्यांची मुदत; पास झालेल्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर; आणि घरपट्टीच्या नोंदीत मालकाच्या नावाशेजारी आणखी एक रकाना, ज्यात घर कुणी बांधले ते लिहिलेले असेल. आवास योजनेचा छताचा हप्ता सोडताना फोटोबरोबर हा रकाना भरलेला मागावा. मुंबईत बसून पैसे पाठवणाऱ्या मालकाला मग निदान दोन नावांतून निवड करता येईल, आणि ज्याचे काम बारा पावसाळे टिकले त्याला ते नाव दाखवून चार पैसे जास्त मागता येतील.